गार्सियाचा रातांबा

रातांब्याचे शास्त्रीय नाव 'गार्सिनिया इंडिका'. हे नाव गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यावरून पडले असावे, असे सहज वाटते. वस्तुतः लिनियसने १७५३ मध्ये स्वीकारलेले हे प्रजातिनाम लोराँ गार्सँ या निसर्गाभ्यासकाचे स्मरण आहे. तरीही रातांब्याच्या इतिहासात ओर्ताला वगळता येत नाही.

१५३४ साली हिंदुस्थानात आलेल्या ओर्ताने अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे वैद्यकी केली. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या संवादरूप ग्रंथातील दहाव्या संवादात बोर व 'ब्रिंदाँव' यांच्या जोडीने दख्खनच्या राजांची हकीगत येते. 'ब्रिंदाँव' म्हणजे आपले भिरंड. त्याचा रक्तवर्ण गर, आंबटपणा, रंगाऱ्यांकडील उपयोग आणि सालीपासूनचा सिरका यांची नोंद ओर्ता करतो. येथे फळ दिसते ते प्रामुख्याने व्यापारी वस्तू म्हणून.

आयुर्वेदाची दृष्टी निराळी. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात 'हृद्य' द्रव्यांचा दशक आहे; त्यात आंबा, करवंद, डाळिंब यांसोबत बोर व वृक्षाम्लही आहे. वृक्षाम्ल म्हणजे कोकम, असे आज सामान्यतः मानतात. 'हृद्य' या शब्दात हृदयाला हितकर आणि मनाला रुचणारे, असे दोन्ही अर्थ नांदतात. औषध आणि चव यांत भिंत नसल्याची ही भाषिक साक्ष होय.

ती भिंत कोकणातील स्वयंपाकघरातही नव्हती. अंगावर पित्त उठले की आमसुलाचे पाणी, जड जेवणानंतर सोलकढी, टाचांच्या भेगांना भिरंडेल! बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळायच्या. वर आलेला स्निग्धांश थिजला की त्याचे गोळे वळायचे. ही कृती पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः बायकांनी जपली.

ओर्ता १५६८ मध्ये वारला. गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून १५८० मध्ये इन्क्विझिशनने त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. ग्रंथ मात्र टिकला, कारण क्लूसियसचा संक्षिप्त लॅटिन अनुवाद १५६७ मध्येच युरोपात प्रसिद्ध झाला होता. छापील ज्ञानाला असा आश्रय मिळतो. भिरंडेल वळणाऱ्या हातांची नावे कोणत्याच ग्रंथात नाहीत. म्हणून वनस्पतींचा इतिहास लिहिताना ग्रंथालयाइतकेच माजघरही साधन मानले पाहिजे.