खिळे, मात्रा आणि मराठी वळण

ग्रंथाचा विषय कोणता, लेखक कोण, किंमत काय, हे प्रश्न आपण सर्वजण विचारतो. ग्रंथ कोणत्या अक्षरांत छापला आहे, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. उत्तम अक्षराचा गुणच असा आहे की, वाचणाऱ्याचे लक्ष त्याच्याकडे जाऊ नये. मलाही हा प्रश्न गेल्या पावसाळ्यापर्यंत पडला नव्हता. तो पडण्यास एक घरगुती कारण झाले.

माझे वडील शिक्षक होते. त्यांनी उतारवयात आपल्या आठवणी दोन वह्यांत लिहून ठेविल्या होत्या. आप्तेष्टांसाठी त्यांच्या शंभर प्रती छापाव्या, असे आम्ही भावंडांनी ठरविले आणि नौपाड्यातील एका गृहस्थांकडे संगणकावरील जुळणीचे काम सोपविले. त्यांनी एकच परिच्छेद आठ निरनिराळ्या अक्षरमालांत छापून माझ्या हाती दिला. मी आठही नमुने आईपुढे ठेविले. तिची दृष्टी आता अधू झाली आहे. तिने एकेक कागद डोळ्यांजवळ नेला आणि पाच कागद बाजूस सारून म्हणाली, "हा ल आपला नव्हे." पुढे एका ओळीवर थांबून ती हसू लागली. वडिलांनी लिहिले होते की, लग्न आटोपल्यावर आजोबांनी आचाऱ्यांना शिधा दिला. छापात ते 'आचार्यांना' असे उमटले होते. स्वयंपाक्यांचा शिधा गुरुवर्यांच्या पदरात पडला होता!

आई म्हणाली तो 'आपला ल' आला कोठून, याचा शोध घेता घेता मी दोनशे वर्षे मागे गेलो.

मराठी अक्षरे खिळ्यांच्या रूपाने प्रथम महाराष्ट्रात उतरली नाहीत. ती बंगालमध्ये उतरली. कलकत्त्याजवळील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी या मिशनऱ्याने 1805 मध्ये मराठी भाषेचे व्याकरण छापविले. तेथे पंचानन कर्मकार आणि त्यांचा जावई मनोहर हे कसबी कारागीर अक्षरे कोरीत असत. त्याच वर्षी इकडे मिरजेस तांब्याच्या पत्र्यावर कोरून भगवद्गीता छापली गेली. या उद्योगाचा आरंभ नाना फडणविसांच्या हयातीत पुण्यास झाला होता. परंतु पत्र्यावर कोरलेले पान एकाच ग्रंथाच्या उपयोगी पडते. सुटा खिळा आज गीतेत, तर उद्या पंचांगात बसतो. मुद्रणकलेचे सारे सामर्थ्य या सुटेपणात आहे.

कॅरीपुढे एक प्रश्न असा होता की, मराठी छापावयाची ती कोणत्या लिपीत? कचेरी, पेढी आणि खाजगी पत्रव्यवहार यांत मोडी चाले. पोथ्या बाळबोधीत लिहिल्या जात. त्याचे व्याकरण बाळबोध अक्षरांत निघाले, पण 1810 चा मराठी कोश त्याने मोडी खिळ्यांत छापविला. मोडी ही बोरूच्या धावत्या हाताची लिपी होय. एक अक्षर दुसऱ्याच्या गळ्यात हात घालून चालते. ते तोडून सुटा खिळा करणे म्हणजे तिचा प्राणच काढून घेणे. बाळबोध अक्षर आपापल्या जागी स्वतंत्र उभे राहते. पुढे मुंबईच्या छापखान्यांनी बाळबोधच पत्करली. मोडी शाळेत व दप्तरांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकली, पण छापील पानावर तिला ठाव मिळाला नाही. आज आपल्याच आजोबांचे कागद आपल्याला वाचता येत नाहीत, त्याचे एक मूळ या निवडीत आहे.

मुंबईस अमेरिकन मिशनच्या छापखान्यातून 1817 मध्ये पहिले मराठी पुस्तक बाहेर पडले. त्याचे खिळे कलकत्त्याकडून आणलेले होते. त्यांचे वळण मराठी डोळ्याला परके वाटे. या छापखान्यात टॉमस ग्रॅहम नावाचा कारागीर तयार झाला. त्याने येथील लेखकांच्या हाताकडे पाहून नवी अक्षरे कोरली. अ, झ, ण, ल, श या अक्षरांची आणि काही आकड्यांची जी 'मुंबई वळणे' पुढे रूढ झाली, ती कलकत्त्याच्या वळणांहून वेगळी आहेत. आईचा 'आपला ल', म्हणजे दोन पाकळ्यांचा आणि उभ्या दंडाचा आधार न घेणारा ल, याच मुंबईच्या वळणातला.

कोरणारापेक्षाही मोठी अडचण जुळाऱ्याची होती. इंग्रजीच्या जुळाऱ्यास लहानमोठी अक्षरे, अंक व विरामचिन्हे मिळून दीडशेच्या आसपास खण पुरतात. बाळबोधीत व्यंजने, त्यांची अर्धी रूपे, जोडाक्षरे, काना, मात्रा, वेलांटी, उकार, रफार, अनुस्वार यांचा हिशेब चारशे-पाचशेच्या पुढे जातो. यांतून दोन पद्धती निघाल्या. 'अखंड' पद्धतीत अक्षर पूर्ण उंचीच्या खिळ्यावर ओतलेले असे आणि मात्रेसारखे चिन्ह खिळ्याच्या बाहेर लोंबते राही. दिसावयास हे छान, पण ते लोंबते टोक दाबाखाली चटकन मोडे. दुसरी 'डिग्री' पद्धत मुंबईस वाढली. तिचे श्रेय ग्रॅहमकडे देतात. तीत अक्षराचा खिळा आखूड असून वरची आणि खालची चिन्हे वेगळ्या बारीक तुकड्यांवर ओतीत. म्हणजे एकच ओळ तीन मजल्यांत रचावयाची. मोडतोड कमी झाली, परंतु वरच्या मजल्यावरील बारीक तुकडा सैल होऊन निसटला तर अनर्थ होई. मात्रा गळाली की 'दोन' चे 'दान' होते, 'मोर' चा 'मार' होतो आणि 'चोर' असतील ते 'चार' होतात! जुन्या पुस्तकांच्या अखेरीस जी लांबलचक शुद्धिपत्रे आढळतात, त्यांच्यामागे अशा कितीतरी गळालेल्या मात्रा आहेत.

या अडचणीतून एक वाट शिळाछापाची होती. सुंदर हस्ताक्षराच्या लेखकाकडून पान लिहवून घ्यावे आणि ते दगडावरून छापावे. गणपत कृष्णाजी यांनी 1831 मध्ये शिळाछापाचे पंचांग काढले. बाळशास्त्री जांभेकरांनी 1845 मध्ये ज्ञानेश्वरी शिळाछापावर प्रसिद्ध केली. पोथीवर पोसलेल्या वाचकाला या पानात आपल्याच लेखकाचा हात दिसे. शाईत चरबी असावी या शंकेने सोवळे लोक छापील धर्मग्रंथास शिवत नसत, म्हणून गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई केली, असे परंपरेने सांगतात. ग्रंथाच्या अक्षराविषयी आणि शाईविषयी समाज एवढा जागरूक होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

खिळ्यांना पोथीच्या अक्षराचे सौष्ठव आणण्याचे काम जावजी दादाजी यांनी केले. जन्म 1839 चा, घरची गरिबी. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात ते लहानपणीच नोकरीस लागले. खिळे घासता घासता त्यांनी ती विद्या आत्मसात केली आणि 1864 मध्ये स्वतःचा ओतकारखाना काढला. पाच वर्षांनी, 1869 मध्ये, निर्णयसागर छापखाना उभा राहिला. राणोजी रावजी आरू या त्यांच्या स्नेह्याने कोरलेली अक्षरे इतकी रेखीव होती की, निर्णयसागरी पुस्तक दुरूनही ओळखू येई. संस्कृत ग्रंथांच्या त्यांच्या आवृत्त्या महाराष्ट्राबाहेरील पंडितांच्याही घरी गेल्या. जावजी 1892 मध्ये वारले.

आमच्या ठाण्याचा या इतिहासाशी संबंध आहे. 1853 मध्ये मुंबईहून पहिली आगगाडी 34 किलोमीटरचे अंतर कापून ठाण्यास आली. पुढे 1866 मध्ये येथे 'अरुणोदय' हे वृत्तपत्र निघाले. जावजींच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, 1 जून 1893 रोजी, विनायक लक्ष्मण भावे यांनी सहकाऱ्यांसह ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन केले. पुढे 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे भावे ते हेच. जुनी कविता हस्तलिखितांतून काढून छापावी, यासाठी त्यांनी 1903 मध्ये 'महाराष्ट्र कवि' हे मासिक सुरू केले. पोथी जपावी आणि ती छापून सर्वांच्या हाती द्यावी, ही दोन्ही कामे एकाच माणसाने अंगावर घेतली.

खण कमी करण्याचे प्रयत्न विसाव्या शतकात जोराने झाले. लोकमान्य टिळकांनी 1904 पासून या प्रश्नात लक्ष घातले आणि खिळ्यांची संख्या सुमारे 190 वर आणण्याची योजना केली. सावरकरांनी अ च्या बाराखडीचा पुरस्कार केला. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले आणि जुळाऱ्याच्या वरच्या मजल्यावरील गर्दी एकदम विरळ झाली. परंतु अक्षरे एकसारखी करण्याच्या उत्साहात काही गमावलेही. 1953 च्या लखनौ येथील लिपिसुधार परिषदेनंतर दंडाचा ल आणि हिंदी वळणाचा श आपल्या पाठ्यपुस्तकांत शिरले. 6 नोव्हेंबर 2009 च्या शासननिर्णयाने पाकळीच्या ल ला आणि गाठीच्या श ला प्रमाण वर्णमालेत पुन्हा जागा दिली. पण मधल्या दोन पिढ्यांच्या हाताला दुसरेच वळण लागून गेले होते.

आता खिळा नाही, खण नाही, लोंबती मात्राही नाही. संगणकात जोडाक्षरांची संख्या कोणास भारी होत नाही. र. कृ. जोशी यांच्यासारख्या मराठी अक्षरकारांनी संगणकासाठी देवनागरी घडविली. काही अक्षरमालांत दोन्ही प्रकारचे ल असतात. मजकूर मराठी आहे असे सांगितले की पाकळीचा ल आपोआप उमटतो. अडचण गेली, निवडण्याची जबाबदारी मात्र उरली. पूर्वी वाईट अक्षराचा दोष ओतकारखान्यावर घालता येई. आता आपण काही निवडले नाही, तर दुसऱ्या भाषेसाठी केलेली निवड मुकाट्याने आपल्या पानावर येऊन बसते.

म्हणून पुस्तक छापावयास देण्यापूर्वी प्रत्येकाने चार गोष्टी पाहाव्या, असे मला वाटते. ल आणि श मराठी वळणाचे आहेत काय? 'आचार्य' आणि 'आचाऱ्यांना', 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतील भेद अक्षरमाला पाळते काय? 'र्‍हस्व' नव्हे 'ऱ्हस्व' नव्हे, तर 'ह्रस्व' या शब्दासारखी कठीण जोडाक्षरे नीट उमटतात काय? आणि वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांस भिडत नाहीत ना? हे सारे पडद्यावर पाहू नये. कागदावर छापून, घरातील सर्वांत वृद्ध माणसाच्या हाती देऊन पाहावे.

आम्ही तसेच केले. उरलेल्या तीन नमुन्यांतून आईने एक निवडला. आकार 14 पॉइंटांचा घेतला, ओळींत अंतर वाढविले. पाने चोवीस वाढली आणि खर्चही वाढला. आचाऱ्यांना त्यांचा शिधा परत मिळाला. शंभर प्रतींपैकी एक मी ग्रंथसंग्रहालयास द्यावयाची ठेविली आहे. वडिलांचे नाव तेथील सूचीत येईल, हा त्यात थोडा लोभ आहे. परंतु शंभर वर्षांनी कोणी ते पान उघडील, तर ठाण्यातील एका सामान्य शिक्षकाचा ल कसा होता, एवढे तरी त्याला कळेल.