एक दाणा बाकी

चपला काढून ठेवा. मोबाइलही. पहिलं पाऊल पडेल ते शेणानं सारवलेल्या जमिनीवर, आणि ती इतकी गार आहे की तळव्यातून निघालेली कळ थेट पोटरीत जाईल. १८९१ चा मार्गशीर्ष आहे. सुरगाण्याच्या डोंगरांतला दहा-बारा घरांचा कोकणा आदिवासींचा पाडा. पाड्याचं नाव कुणाला विचारू नका, लोक वेड्यात काढतील, कारण तुम्ही इथलेच आहात. स्वतःचे हात बघा. तळव्यांना घट्टे, नखांत माती, उजव्या अंगठ्यावर कोयत्याचा जुना व्रण. हे हात तुमचे नव्हेत, पण या हातांनी आजवर जे काय केलं ते सगळं आता तुमच्या खात्यावर.

काय केलं, ते सांगतोच. आधी घर बघून घ्या. भिंती कारवीच्या कुडाच्या, वरून लिंपलेल्या. छपराच्या आतल्या बाजूला काजळीची लोंबती जाळी. चुलीवर नागलीची भाकरी फुगतेय आणि तिचा करपट वास धुराबरोबर डोळ्यांत शिरतोय. डोळे चोळू नका. आजच सकाळी तुम्ही खळ्यावर नागली मळून आलात आणि तिची कूस मानेपासून पाठीपर्यंत खाजतेय. कोपऱ्यात गोधडीखाली तुमचं तीन वर्षांचं पोर तापानं फणफणलंय. आज सहावा दिवस.

आणि शेजारच्या अंगणापलीकडे थोरल्या भावाचं घर आहे. गेल्या साली मळणीच्या दिवसांत, रात्री, त्याच्या राशीतलं एक टोपलं नागली तुम्ही उचलून आणलीत. एकच टोपलं. भाऊ राशीशेजारीच झोपला होता, घोरत होता. तुमच्या उतारावरचं पीक पावसानं धुऊन नेलं होतं, घरात बाळंतीण होती, हे सगळं खरं. पण दादाकडे मागितलं असतं तर त्यानं दिलं असतं, हेही खरं. टोचतं ते हेच. भाकऱ्या कधीच्या खाऊन झाल्या. टोपलं अजून आढ्याला टांगलेलं आहे.

भगत येतो. म्हातारा, बुटका, तोंडाला मोहाच्या दारूचा मंद वास. तो पोराच्या अंगाला हातसुद्धा लावत नाही. चुलीपुढे मांडी घालून सूप मागतो, सुपात चिमूटभर दाणे टाकतो आणि बोटानं जोड्या सारत जातो. दोन, दोन, दोन. ओठ हलताहेत, आवाज नाही. सुपाच्या कडेला दाण्यांची मुंगीसारखी रांग लागते. तुमचं सगळं लक्ष त्या बोटावर. शेवटी एक दाणा एकटा उरतो.

“बाकी राहिली,” भगत म्हणतो.

छातीत धस्स होतं ना? होऊ द्या. पण तो तुमच्याकडे बघतही नाही. डोंगरदेव मागतोय म्हणतो. तुमच्या घराचं देणं जुनं आहे, या पौर्णिमेला देव बसवा. कुणाचं देणं, कशाचं, कुणी थकवलं, काही विचारत नाही. तंबाखू मळतो आणि निघून जातो.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही माऊली, म्हणजे डोंगरदेवाचं व्रत धरलेले. पाड्यातले आणखी पंधरा-वीस जणही माऊल्याच. त्यांच्यातला एकही आजारी नाही आणि त्यांनी तुमच्या भावाची नागलीही चोरलेली नाही. तरी सगळे पहाटे ओढ्यावर उभे आहेत, कारण देव एकट्यानं बसवायची गोष्ट नव्हे. पाण्यावर वाफ तरंगतेय म्हणून फसू नका. पहिला तांब्या डोक्यावर पडला की श्वास घशातच अडकतो. दुसऱ्याला दात वाजतात. तिसऱ्यानंतर अंगातून उलट गरम कढ फुटतो आणि माणूस उगाचच हसायला लागतो. शेजारचा हसतोय, तुम्हीही हसताय. दिवसभर उपास, एक वेळ जेवण, तेही वेगळ्या चुलीवरचं. निजायचं बाहेर, शेकोटीच्या कडेला. एक कूस भाजते आणि दुसरी गारठते, म्हणून रात्रभर भाकरीसारखं उलटत राहायचं.

आणि नाचायचं. अंगणाच्या मधोमध खांब रोवलाय. भोपळ्याची आणि बांबूची पावरी घेतलेला माणूस गाल फुगवतो, आणि जो आवाज निघतो तो कानाला ऐकू यायच्या आधी बरगड्यांना कळतो. जाड, घोगरा, न तुटणारा. पुढच्याच्या कमरेला हात, मागच्याचा तुमच्या कमरेला. वेटोळं फिरायला लागतं. धूळ गुडघ्याएवढी उडते. घाम, धूर, ओल्या लंगोट्या आणि सागाच्या पेटलेल्या पाल्याचा तुरट वास. पहिल्या घटकेला पायांचा हिशेब ठेवावा लागतो, नंतर पाय आपले आपण चालतात. तिवड्याला बांधलेला बैल पातीवरून असाच फिरतो. बैलाच्या मनात काय चालतं कुणास ठाऊक. तुमच्या मनात मात्र प्रत्येक फेरीला आढ्याचं टोपलं येतं.

नाचता नाचताच एक गंमत सांगतो. तुम्ही इथे धूळ उडवताय त्याच हिवाळ्यात तिकडे लंडनमध्ये शेरलॉक होम्सची एक नाताळकथा छपाईच्या वाटेवर आहे. १८९२ च्या जानेवारीत ती ‘स्ट्रँड’ मासिकात येईल. नाव ‘ब्लू कार्बंकल’. हॉटेलातला एक नोकर कुणा सरदारणीचं निळं रत्न चोरतो, लपवायचं म्हणून हंसाला गिळायला लावतो आणि हंसच हरवून बसतो. होम्सच्या हाती येतात एक चेपलेली टोपी आणि एक हंस. तेवढ्यावर तो चोरापर्यंत पोचतो. चोर पाय धरून रडतो आणि होम्स सणाच्या दिवसांचं निमित्त करून त्याला दार उघडून देतो. त्याआधी १८४३ मध्ये डिकन्सनं एका कंजूष म्हाताऱ्यावर नाताळच्या रात्री ओळीनं भुतं सोडली होतीच. विलायतेत डिसेंबर आला की गोष्टीतल्या पाप्याची धडगत नसते. मला या दोन्ही गोष्टी आवडतात. फक्त एक खटकतं. तिथे अपराधी एकटा असतो. खोली बंद, समोर हुशार माणूस नाहीतर भूत, आणि याच्या तोंडून कबुली निघेपर्यंत कुणाला चैन नाही. आपल्या भगताला सुपातला दाणा दिसला, चोर कोण हे कदाचित कळलंही असेल. पण त्यानं काय केलं? अख्ख्या पाड्याला थंड पाण्यात उभं केलं. प्रायश्चित्त हा शब्द इथे कुणाच्या तोंडी नाही. इथे शब्द आहे फेडणं. नवस फेडतात, कर्ज फेडतात, आईबापाचे पांगही फेडतात.

बरं, चला. माऊल्या आता घरोघर निघाल्यात. प्रत्येक अंगणात नाचायचं, घरच्यांनी सुपातून धान्य घालायचं. या पाड्यावरून त्या पाड्यावर, टेकडी उतरून ओढा ओलांडून. तळव्यांना भेगा पडल्यात आणि भेगांत खडे बसलेत. आणि मग जे टाळता येणार नव्हतं ते येतं. भावाचं अंगण.

तुम्ही रांगेच्या शेवटी सरकायला बघता. जमत नाही, कारण झोळी नेमकी आज तुमच्या खांद्यावर. पावरी घुमते, धूळ उठते. भाऊ दाराच्या मेढीला टेकून उभा आहे, नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघतोय. वहिनी सूप घेऊन बाहेर येते. नागली सुपात काठोकाठ भरलेली. शीग लावलेली, म्हणजे वर टोक. झोळीचं तोंड तुम्ही उघडून धरता आणि ती ओतते. नागलीचा दाणा मोहरीएवढा, पण झोळीत पडताना आवाज पावसाचा येतो. काही दाणे तुमच्या घामट मनगटाला चिकटतात. लालसर, बारीक. झटकायचं धैर्य होत नाही. वहिनी आता तुम्हाला नावानं हाक मारायची नाही, कारण तुम्ही माऊली आहात. ती खाली वाकून तुमच्या पायाला हात लावते.

त्या पायांचं काय करावं ते सुचत नाही ना? नाचा. तेवढंच करता येण्यासारखं आहे.

चतुर्दशीच्या रात्री सगळे डोंगराकडे निघतात. गावातली नाचाची खळी मागे राहिली, आता रानखळी, म्हणजे देवाच्या डोंगराच्या पायथ्याचं मोकळं रान. वाटेत सागाची कोरडी पानं पायाखाली पापडासारखी मोडतात. चांदणं एवढं की दगडाला सावली. वारा डोंगरावरून सरळ अंगावर येतो आणि ओंडक्यांच्या शेकोटीतून ठिणग्या उडवत नेतो. आजूबाजूच्या गावांतल्या माऊल्याही जमल्यात, चार ठिकाणी चार पावऱ्या, आणि त्यांचे सूर डोंगरावर आपटून परत येताना एकमेकांत गुंततात. मध्यरात्रीनंतर एकाच्या अंगात वारं येतं. बाकीचे मागे सरतात. त्याचं अंग थरथरतंय, केस तोंडावर, तोंडातून हुंकार. तो एकेकासमोर जाऊन थांबतो. काहींना बोलतो, काहींना नुसतं बघतो. तुमच्यासमोर येतो.

त्याचा श्वास तुमच्या तोंडावर गरम लागतोय. भाऊ तुमच्या मागेच उभा आहे, तुम्हाला न बघता कळतंय. आता बोलेल. बोलू दे एकदाचं, असंही मनात येऊन जातं.

तो पुढच्यासमोर जातो.

पहाटे भगत वर कपारीशी जातो, दिवा लागतो, कोंबडा होतो, बोकड होतो. खालच्या दरीतून धुकं उठतं. दिवस वर येईतो सगळ्यांचे आवाज बसलेले असतात. घरी परतताना कुणीच फारसं बोलत नाही. पोराचा ताप रात्रीतच उतरलेला असतो. डोंगरदेवामुळे, औषधी पाल्यामुळे की आपोआप, यावर वाद घालायला तुम्ही इथे आलेला नाहीत. ते भाकरी मागतंय, एवढं पुरे.

मग तुमच्या अंगणात जेवण. भात, मटणाचा तिखटजाळ रस्सा, हातावर थापलेल्या जाड भाकऱ्या, पानांवर पान. भाऊ दोनदा वाढून घेतो आणि शेवटी तुमच्या पाठीवर थाप मारतो. त्याची थाप जरा जोराची असते. नेहमीच असते.

ती रात्र. सगळे आडवे झालेत, कुत्रीसुद्धा हाडं चावून थकलीत. तुम्ही उठता, आढ्याचं टोपलं काढता, आणि यंदाच्या आपल्या नागलीनं ते भरता. एक भरून पुरणार नाही. सावकार धान्य दिढीनं वसूल करतो, एकाचं दीड. तुम्ही स्वतःला तोच दर लावता. एक टोपलं, मग वर अर्धं. घरफोडी उलटी करायची तर मुळातल्या चोरीपेक्षा अवघड असते, हे एव्हाना लक्षात आलं असेलच. भावाच्या कणगीचं तोंड शेणानं लिंपून बंद केलंय. ते नखांनी उकरावं लागतं. कोरडं शेण कुरकुरतं. पलीकडे भाऊ घोरतोय. दाणे ओतताना पुन्हा तोच पावसाचा आवाज, म्हणून मुठीमुठीनं सोडायचे. दोन खेपा. मग अंधारात गोठ्यातलं ओलं शेण आणून तोंड परत लिंपायचं आणि हातानं सारखं करायचं. हात धुवायला ओढ्यावर जायचं त्राण राहिलेलं नाही. तुम्ही गोधडीत शिरता आणि कित्येक दिवसांनी गाढ झोपता.

सकाळी वहिनी खापरी घेऊन दारात उभी. विस्तव मागायला आलीय. तुम्ही चुलीतला निखारा चिमट्यानं उचलून तिच्या खापरीत ठेवता. ती निखाऱ्याकडे बघत नाही, तुमच्या नखांकडे बघते. मग अंगठ्यावरच्या व्रणाकडे. कणगीवरच्या ओल्या शेणात तो व्रण नीट उमटला असणार, हे तुम्हाला आत्ता सुचतंय.

“आमच्यात रात्री मांजर आलं होतं,” ती म्हणते. “कणगी लिंपून गेलं.”

आणि निखाऱ्यावर फुंकर मारत अंगण ओलांडून निघून जाते.