ऑटिझम ब्लड टेस्टमध्ये कळतो का?

बायोमार्कर म्हणजे शरीरात मोजता येणारी खूण. डाउन सिंड्रोममध्ये २१व्या गुणसूत्राची जादा प्रत दिसते. फ्रॅजाइल एक्समध्ये एफएमआर१ जनुकातला सीजीजी हा क्रम २०० पेक्षा जास्त वेळा रिपीट होतो. दोन्हींचं निदान लॅबमध्ये पक्कं होतं.

ऑटिझमचं तसं नाही. त्याच्याशी संबंधित अनेक जनुकं सापडली आहेत, पण सगळ्यांना लागू पडेल अशी एक खूण नाही. म्हणून तज्ज्ञ मुलाचं वागणं, बोलणं, खेळणं पाहूनच निदान करतात.

मग टेक्नॉलॉजी कुठे येते? अमेरिकेत २०२२ मध्ये एफडीएने ‘अर्लीपॉइंट’ या उपकरणाला मंजुरी दिली. १६ ते ३० महिन्यांचं मूल व्हिडिओ बघत असताना त्याची नजर कुठे जाते, हे ते सेकंदाला १२० वेळा टिपतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तज्ज्ञांनी ऑटिझम असल्याचं सांगितलेल्या मुलांपैकी ७१ टक्के मुलं त्याने ओळखली. म्हणजे १०० पैकी २९ सुटली! त्यामुळे ते डॉक्टरांच्या मदतीला आहे, त्यांच्या जागी नाही.

तेव्हा मोबाइलवरच्या फुकट टेस्टने ‘नॉर्मल’ म्हटलं म्हणून निर्धास्त राहू नका. घरातलं बाळ दीड वर्षाचं झालं तरी नावाने हाक मारल्यावर बघत नसेल, बोटाने काही दाखवत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे न्या.