लॅपटॉपची स्मरणवही : लिनक्समधील नेटवर्क प्रोफाइलचा इतिहास

वसतिगृह, ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि सुट्टीतले घर. एकच लॅपटॉप या चार ठिकाणी चार निरनिराळ्या नेटवर्कांना जोडला जातो आणि बहुधा कोणाला काही विचारतही नाही. तीस वर्षांपूर्वी ही सहजता नव्हती. ती कशी आली, याचा इतिहास एका साध्या प्रश्नाभोवती फिरतो : नेटवर्कची माहिती कोणाच्या नावावर नोंदवायची? यंत्राच्या, जागेच्या की माणसाच्या?

लिनक्सचा जन्म १९९१ चा. त्या काळचा संगणक टेबलावरून हलत नसे. त्यामुळे नेटवर्कची नोंद कार्डाच्या नावाने होई. पहिले कार्ड ‘ईथ-झीरो’, दुसरे ‘ईथ-वन’. रेड हॅटच्या प्रणालीत प्रत्येक कार्डासाठी एक फाइल असे. डेबियनमध्ये सर्व कार्डांची माहिती ‘इंटरफेसेस’ या एकाच फाइलमध्ये लिहिली जाई. पत्ता व्यवस्थापकाने ठरवून द्यायचा आणि तो वर्षानुवर्षे तसाच राहायचा. भारतात १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘अर्नेट’ प्रकल्पाने मुंबईची एनसीएसटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि तेव्हाच्या पाच आयआयटी यांना जोडले, तेही अशाच स्थिर संगणकांच्या जगात.

लॅपटॉप आला आणि यंत्र व जागा यांची फारकत झाली. नव्वदच्या दशकात डेव्हिड हाइंड्स यांनी लिनक्ससाठी लिहिलेल्या पीसीएमसीआयए कार्डांच्या प्रणालीत ‘स्कीम’ नावाची सोय होती. ‘घर’, ‘कार्यालय’ अशी नावे देऊन प्रत्येकाची मांडणी आधी लिहून ठेवायची आणि पोहोचल्यावर एका आज्ञेने योग्य ती निवडायची. आजच्या प्रोफाइलची कल्पना येथे बीजरूपाने दिसते. फरक इतकाच, की आपण कोठे आहोत हे अजून माणसालाच सांगावे लागत होते.

बिनतारी नेटवर्काने ते ओझे यंत्राकडे सोपवले. ८०२.११ हे मानक १९९७ मध्ये आले आणि १९९९ च्या सुधारणेनंतर ते झपाट्याने पसरले. बिनतारी नेटवर्क आपले नाव स्वतःच प्रक्षेपित करते. म्हणजे जागा आता स्वतःची ओळख सांगू लागली. पण हवेतून जाणारी माहिती कोणीही ऐकू शकतो. डब्ल्यूईपी या पहिल्या संरक्षणपद्धतीतील गंभीर दोष २००१ मध्ये उघड झाले आणि तिच्या जागी डब्ल्यूपीए आली. यौनी मालिनेन या फिनिश प्रोग्रामरने लिहिलेल्या ‘डब्ल्यूपीए सप्लिकंट’च्या फाइलमध्ये नोंद कार्डाच्या नावाने नव्हे, तर नेटवर्काच्या नावाने होई : नाव, परवलीचा शब्द, प्राधान्य. भारतात जानेवारी २००५ मध्ये २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्यातून सूट मिळाली आणि वायफायची वाट मोकळी झाली.

दरम्यान २००४ मध्ये रेड हॅटने ‘नेटवर्कमॅनेजर’ हा प्रकल्प सुरू केला. त्याच्या रचनेत कार्ड आणि कनेक्शन या दोन स्वतंत्र वस्तू आहेत. कनेक्शनची प्रोफाइल म्हणजे नेटवर्काचे नाव, सुरक्षेची पद्धत, पत्ता मिळवण्याची रीत आणि आपोआप जोडायचे की नाही याची एकत्र नोंद. एका कार्डासाठी अशा कितीही प्रोफाइल असू शकतात. त्यांपैकी एका वेळी एकच लागू होते.

मात्र मालकीचा प्रश्न सुटला नव्हता. प्रारंभीच्या आवृत्त्यांत वापरकर्त्याच्या प्रोफाइल त्याच्या डेस्कटॉप सत्रात राहत. तो लॉग-इन करीपर्यंत त्या नेटवर्काला जोडता येत नसे. दुरून त्या संगणकाशी संपर्क साधायचा असेल तर पंचाईत होई. २०११ च्या ०.९ आवृत्तीत सर्व प्रोफाइल एकाच सेवेकडे आल्या आणि कोणती कोणी वापरायची याची परवानगी प्रत्येक प्रोफाइलमध्येच लिहिली जाऊ लागली. ‘एनएमसीएलआय कनेक्शन शो’ ही आज्ञा दिली की आज ही सारी यादी समोर येते. कार्डागणिक फाइलची जुनी रीतही मागे पडली. २०२२ च्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ मध्ये नव्या प्रोफाइल ‘कीफाइल’ या साध्या मजकुराच्या स्वरूपात साठवल्या जातात. ती फाइल केवळ मुख्य व्यवस्थापकालाच वाचता येते, कारण परवलीचा शब्द तिच्यात उघड लिहिलेला असू शकतो.

स्मरणाला दुसरी बाजूही आहे. आपले नाव लपवणाऱ्या नेटवर्काची प्रोफाइल साठवली, तर लॅपटॉपला जाईल तेथे त्या नावाने हाक मारत राहावे लागते. ऐकणाऱ्याला त्याच्या मालकाचा माग लागू शकतो. कार्डाचा कायमचा हार्डवेअर पत्ताही असाच चुगली करतो. म्हणून २०१६ मध्ये नेटवर्कमॅनेजरने प्रत्येक प्रोफाइलसाठी वेगळा, पण त्या नेटवर्कापुरता स्थिर पत्ता वापरण्याची सोय दिली.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा धडा ‘एज्युरोम’चा आहे. २००३ मध्ये युरोपात सुरू झालेल्या या व्यवस्थेत एका विद्यापीठाची ओळख दुसऱ्या विद्यापीठाच्या वायफायवर चालते. भारतात ती अर्नेट इंडिया चालवते. येथे नेटवर्काचे नाव सर्वत्र एकच असते. साहजिकच ते नाव कोणताही भामटा आपल्या उपकरणाला देऊ शकतो. खरे-खोटे ठरते ते सर्व्हरच्या प्रमाणपत्रावरून. प्रोफाइल भरताना ‘प्रमाणपत्राची गरज नाही’ या चौकोनात खूण केली, की जोडणी झटपट होते. पण लॅपटॉप त्या नावाने पुढे येणाऱ्या कोणाच्याही हाती संस्थेच्या खात्याची ओळख सोपवायला तयार होतो. योग्य प्रमाणपत्र आणि सर्व्हरचे डोमेन या दोन नोंदी तो धोका टाळतात, आणि एज्युरोमची अधिकृत लिनक्स स्क्रिप्ट त्या स्वतः भरून देते.

कार्डाच्या नावापासून सुरू झालेली ही नोंद जागेच्या नावापर्यंत आली आणि शेवटी केवळ नावही पुरेसे नाही, या निष्कर्षाला पोहोचली. लॅपटॉपमधील जुनी यादी एकदा उघडून पाहावी. ज्या लॉजमध्ये वर्षापूर्वी एक रात्र काढली, तिथल्या खुल्या वायफायची प्रोफाइल अजून तेथे असेल आणि त्याच नावाचे नेटवर्क कोठेही दिसले तरी लॅपटॉप त्याला आपणहून जोडला जाईल.