अणुगर्भाचें खळें

चंद्राभोंवतीं खळें पडलें कीं पाऊस जवळ आला, असें आपल्याकडे म्हणण्याची जुनी रीत आहे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत पदार्थविज्ञानासही एक खळें गवसलें. मात्र तें आकाशांतील नव्हे, अणूच्या गर्भांतील. त्याचा इतिहास बोधप्रद आहे, कारण येथें पुरावा आधीं हातीं आला आणि नांव मागाहून मिळालें.

रदरफोर्डनें १९११ मध्यें अणुगर्भ दाखवून दिला व चॅडविकनें १९३२ मध्यें त्यांतील न्यूट्रॉन. पुढें असा समज रुजला कीं, अणुगर्भ म्हणजे लाडवासारखा घट्ट वळलेला गोळा. कण वाढतील तसा तो बेताबेतानें मोठा व्हावयाचा. १९८५ मध्यें इसाओ तानिहाता व त्यांचे सहकारी यांनीं अमेरिकेंत बर्कले येथें लिथियम-११ चा विस्तार मोजला, तेव्हां या समजास तडा गेला. अवघ्या अकरा कणांचा तो गर्भ अपेक्षेहून पुष्कळच मोठा निघाला. शेवटचे दोन न्यूट्रॉन अतिशय सैल बांधलेले असल्यामुळें ते गाभ्यापासून दूरवर पसरतात, असा उलगडा १९८७ मध्यें हान्सेन व योन्सन यांनीं केला आणि त्या पसाऱ्यास खळें म्हटलें.

परंतु १९८३ मध्येंच मिलेनर व इतर संशोधकांनीं बेरिलियम-११ च्या उत्तेजित अवस्थेचें आयुष्य मोजलें होतें. सेकंदाचे दहा लक्ष कोटी भाग केले, तर त्यांतील सुमारें दीड-दोन भागांतच ती अवस्था मावळते. इतकें प्रबळ संक्रमण कां घडावें? सामान्यतः न्यूट्रॉन सोडविण्यास सत्तर-ऐंशी लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. येथें मूळ अवस्थेंत पांच लक्ष पुरते, आणि उत्तेजित अवस्थेंत तर जेमतेम एक लक्ष ऐंशी हजार. हा सैल न्यूट्रॉन दूरवर पसरलेला मानला, तरच मोजमापाचा मेळ बसत होता. म्हणजे खळें दिसलें होतें. त्यास खळें म्हणणारा तेवढा यावयाचा होता.

लिथियम-११ व बेरिलियम-११ हे अल्पायुषी, यंत्रांत घडविलेले. तेव्हां खळें ही अशा दुर्मिळ गर्भांचीच मिरास आहे काय? या शंकेस पेइचिंग येथील संशोधकांनीं २००१ मध्यें उत्तर दिलें. कार्बन-१३ हा स्थिर असून त्याचा गर्भ मूळ अवस्थेंत अगदीं सामान्य असतो. पण त्यास सुमारें एकतीस लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टांनीं उत्तेजित केलें, कीं त्याच्या शेवटच्या न्यूट्रॉनाचें खळें पडतें, असें त्यांच्या प्रयोगांवरून दिसून आलें.

कार्बनाच्या दर शंभर अणूंत सुमारें एक या जातीचा असतो. जव्हार-मोखाड्याच्या रानांतील सागाच्या खोडांत आणि तेथील चुलींतल्या कोळशांतही तो आहेच. तेव्हां खळें हा दुर्मिळ द्रव्याचा गुण नव्हे; तें बंधन सैल झाल्याचें लक्षण आहे. वस्तूचा स्वभाव तिच्या नांवावरून ठरविण्यापूर्वीं ती कोणत्या अवस्थेंत आहे हें पाहावें, एवढें या इतिहासापासून शिकण्यासारखें आहे.