दारूचे तीन सुळके, गाठीचा एक

एमआरआय म्हटलं की आपल्याला ते काळे-पांढरे फोटो आठवतात. पण त्याच यंत्राला फोटो न काढता "इथे कुठली रसायनं आहेत?" असंही विचारता येतं. मला या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास जास्त भारी वाटतो.

१९४५-४६ मध्ये स्टॅनफर्डला ब्लॉख आणि हार्वर्डला पर्सेल यांना दिसलं की चुंबकीय क्षेत्रातल्या अणुकेंद्रांना नेमक्या फ्रिक्वेन्सीची रेडिओलहर दिली की ती 'उत्तर' देतात. भौतिकशास्त्रवाल्यांना या केंद्रांचे गुणधर्म अचूक मोजायचे होते. पण १९५० मध्ये प्रॉक्टर आणि यू यांना अमोनियम नायट्रेटमध्ये एकाच नायट्रोजनचे दोन वेगवेगळे सिग्नल मिळाले! सगळे वैतागले.

मग १९५१ मध्ये स्टॅनफर्डच्याच अर्नॉल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी साध्या इथाइल अल्कोहोलमधल्या हायड्रोजनचे तीन वेगळे सुळके दाखवले. उंची नाही, क्षेत्रफळ मोजायचं: ३:२:१. रेणूत हायड्रोजनही अगदी तसेच वाटलेले असतात. शेजारचे इलेक्ट्रॉन प्रत्येकाला थोडं-थोडं झाकतात, म्हणून फ्रिक्वेन्सी सरकते. ज्याला सगळे कटकट समजत होते, तोच खरा डेटा निघाला. यातले धर्मट्टी पुढे मुंबईला टीआयएफआरमध्ये आले आणि त्यांनी तिथे एनएमआरचा गट उभा केला. आपल्या शाळेच्या पुस्तकात हे नाव मला तरी कधी भेटलं नाही. असो.

१९७१ मध्ये दमादियनने उंदरांच्या गाठींमधलं पाणी वेगळं वागतं हे दाखवलं, १९७३ मध्ये लॉटरबरने पहिलं चित्र काढलं, आणि माणूस यंत्रात शिरला. मग दारूच्या नळीवर केलेली युक्ती जिवंत शरीरावर करायची, एवढंच राहिलं होतं.

स्तनाच्या गाठीत शोधायचा सुळका असतो कोलीनचा, ३.२ पीपीएमवर. पेशीचं आवरण बनवायला कोलीनची संयुगं लागतात. भराभर वाढणाऱ्या गाठीत त्यांचा साठा वाढतो. अडचण अशी की शेजारी ४.७ ला पाणी आणि १.३ ला चरबी असे दोन राक्षस उभे. त्यांचा सिग्नल दाबल्याशिवाय हा पठ्ठ्या दिसतच नाही.

पण दिसून उपयोग काय? इथे मला आमच्या करडीची एक मावशी आठवते. भंडारा जिल्ह्यातलं आमचं गाव, भाताचा मुलूख. मावशीने गाठ रोवणी संपेपर्यंत कुणाला सांगितलीच नाही. नागपूरला नेली तोवर गाठ मोठी झालेली, म्हणून आधी केमो, मग ऑपरेशन. दुसऱ्या सायकलनंतर तिने मला विचारलं, "बापू, दवा लागू होऊन रायली का नाई, कसं समजन?" मी इंजिनिअर म्हणजे मला सगळं येतं, असा तिचा समज! हाताने चाचपून आणि सोनोग्राफीने गाठीचा आकार मोजत होते. आकार मात्र सावकाश बदलतो.

दिल्लीच्या एम्समध्ये एन. आर. जगन्नाथन यांच्या गटाने नेमका हाच प्रश्न घेतला होता. उशिरा आलेल्या, मोठ्या गाठींच्या बायका, आपल्याकडे नेहमी दिसतात तशा. १९९८ मध्ये त्यांनी केमोसोबत गाठीतलं पाणी-चरबीचं प्रमाण बदलतं हे मांडलं; २००१ च्या शोधनिबंधात कोलीन मोजलं. उपचार घेणाऱ्या बहुतेकींमध्ये तो सुळका खाली आला किंवा नाहीसाच झाला. म्हणजे गाठ किती मोठी हे बघण्यापलीकडे, ती आतून किती चालू आहे हे विचारता येत होतं.

तरी हे रोजच्या तपासणीत रुळलेलं नाही. लहान गाठीत सिग्नल पुरत नाही, रुग्णाला बराच वेळ न हलता पालथं झोपावं लागतं, आणि अंगावर पाजणाऱ्या आईच्या निरोगी स्तनातही कोलीन दिसू शकतं. शिवाय दोन सेंटर्सचे आकडे सहज जुळत नाहीत. (कॅलिब्रेशन! ज्यांनी सेन्सरचा डेटा हाताळलाय त्यांना वेगळं सांगायला नको.)

मावशीचं ऑपरेशन झालं. दवा लागू झाली होती का, हे तिला काढलेल्या गाठीच्या रिपोर्टवरूनच कळलं, सगळी केमो संपल्यावर.