खालसा न झालेले संस्थान

वैयक्तिक संगणकाच्या गेल्या चार-साडेचार दशकांच्या इतिहासाकडे राज्यव्यवस्थेच्या अभ्यासकाने पाहिले, तर त्याला तो एका अखंड विलीनीकरणाचा इतिहास वाटेल. अपूर्णांकांची गणिते करणारी ८०८७ ही स्वतंत्र चिप इंटेलने १९८० साली बाजारात आणली आणि १९८९ च्या ८०४८६ प्रोसेसरात तिचे काम मुख्य चिपच्या पोटात गेले. डिस्कचा कारभार पाहणारे कार्ड, प्रिंटरच्या जोडणीचे कार्ड, ध्वनीचे कार्ड, नेटवर्कचे कार्ड, अशी जी जी लहानमोठी संस्थाने मदरबोर्डाच्या स्लॉटांत आपापली सनद घेऊन बसली होती, ती एकामागून एक खालसा झाली, आणि त्यांच्या नावाने आज कोणी हळहळतही नाही. ग्राफिक्स कार्ड मात्र उरले. त्याच्याही अंताची भाकिते वारंवार झाली, त्याचे काम गिळंकृत करण्याचे प्रयत्न बलाढ्य कंपन्यांनी केले, आणि तरीही ते जगले. इतके, की आकाराने, किमतीने आणि विजेच्या भुकेने ते आज ज्या मदरबोर्डावर बसते त्यालाच भारी झाले आहे.

हे एकच संस्थान का वाचले, याचे लोकांत रूढ असलेले उत्तर सोपे आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे सरकारदप्तरी डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, सुटे भाग जुळवून संगणक करून घेण्यास गेलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदार ते दोन वाक्यांत सांगत असे: ऑफिसच्या कामाला ऑनबोर्ड पुष्कळ झाले, गेम खेळायचे असतील तर कार्ड टाका. हा सल्ला खरा होता, पण त्यात परिणाम सांगितलेला आहे, कारण नाही. माझ्या मते या भेदाचे मूळ गणन करणाऱ्या चिपमध्ये जितके आहे, त्याहून पुष्कळ अधिक तिच्या मेमरीत आहे. ज्या ग्राफिक्सचा खजिना स्वतःचा होता ते स्वतंत्र राहू शकले. ज्याला प्रत्येक खर्चासाठी हुजूरच्या खजिन्यापुढे हात पसरावा लागला, त्याची सत्ता नावापुरती उरली.

एकात्म ग्राफिक्स, म्हणजे वेगळ्या कार्डाऐवजी मदरबोर्डात किंवा प्रोसेसरात सामावलेले आणि मुख्य मेमरी वापरणारे ग्राफिक्स, ही स्वतंत्र कार्डामागून आलेली काटकसर आहे, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुस्थिती उलट आहे. १९७७ च्या अ‍ॅपल २ या संगणकात स्टीव्ह वॉझ्नियाकने पडद्यावरचे चित्र मुख्य मेमरीतच ठेवले होते आणि प्रोसेसर ज्या अर्ध्या क्षणात मेमरीला हात लावीत नसे, नेमक्या त्याच अर्ध्या क्षणात चित्राची मंडळरचना मेमरी वाचून घेई, अशी व्यवस्था केली होती. दोघांच्या पाळ्या इतक्या चोख, की एकाला दुसऱ्याचा अडथळा जाणवत नसे. १९८४ पासून भारतातील शाळांत 'क्लास' योजनेखाली आलेला बीबीसी मायक्रो याच तत्त्वावर चाले: प्रोसेसरच्या दुप्पट वेगाची मेमरी घालून तिचा निम्मा वेळ चित्राला दिलेला असे. कमोडोर ६४ मध्ये मात्र चित्राची चिप गरज पडताच प्रोसेसरला चक्क थांबवून ठेवी. मेमरीच्या वाटणीवरून पुढे जो दीर्घ तंटा झाला, त्याचे हे पहिले कागद होत.

वेगळी चूल मांडली ती आयबीएमने. १९८१ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या तिच्या पीसीच्या मदरबोर्डावर पडद्यासाठी काहीच नव्हते; गिऱ्हाइकाने मजकुरापुरते कार्ड घ्यावे किंवा १६ किलोबाइटांची स्वतःची मेमरी असलेले सीजीए नावाचे रंगीत कार्ड घ्यावे आणि स्लॉटात बसवावे, अशी योजना होती. खेळाचा विचार त्यामागे फारसा नसावा. हिशेबनिसाला एक पडदा लागतो आणि आलेख काढणाऱ्याला दुसरा, इतकी साधी व्यापारी सोय त्या निर्णयात दिसते. पण त्या सोयीमुळे ग्राफिक्सला जी स्वतंत्र मेमरी मिळाली, तिच्यावर पुढचा सारा डोलारा उभा राहिला.

तथापि पहिली पंधरा वर्षे हे कार्ड केवळ हुकमाचे ताबेदार होते. १९९३ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या 'डूम' या खेळात भिंती, जिने, राक्षस आणि बंदुकीचा धूर यांचा प्रत्येक बिंदू प्रोसेसर स्वतः मोजून काढी, आणि कार्डाकडे तयार चित्र पडद्यावर मांडण्यापलीकडे काम नसे. त्या चित्राचा पसारा ३२० गुणिले २०० बिंदू, म्हणजे ६४,००० बाइट. सेकंदाला अधिकात अधिक ३५ चित्रे. एकंदर खर्च सेकंदाला सुमारे २२ लाख बाइटांचा. आज १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे दाखवायची, तर नुसते तयार चित्र लिहून ठेवण्यासच सुमारे ५० कोटी बाइट लागतात, आणि खरा खर्च तर त्याच्या कित्येक पट असतो. कारण बिंदू रंगविण्यापूर्वी त्याच्या आड दुसरी वस्तू आहे की नाही हे मेमरीत पाहावे लागते, भिंतीचा पोत मेमरीतून वाचावा लागतो, आणि एकापुढे एक येणाऱ्या वस्तूंमुळे तोच बिंदू अनेक वेळा पुन्हा रंगवावा लागतो. खेळाचे ग्राफिक्स हा गणिताचा विषय आहे असे आपण म्हणतो. तो तितकाच वाहतुकीचाही विषय आहे.

हे ज्यांनी अचूक ओळखले, त्या रॉस स्मिथ, गॅरी टॅरॉली आणि स्कॉट सेलर्स या तिघांनी १९९४ साली कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे थ्रीडीएफएक्स ही कंपनी काढली. तिघांच्याही गाठी सिलिकॉन ग्राफिक्समधील, म्हणजे ज्या यंत्रांची किंमत सामान्य माणसाने विचारूही नये अशा यंत्रांच्या कारखान्यातील अनुभव होता. त्यांची व्हूडू ही चिप आधी नाणे टाकून खेळायच्या यंत्रांत गेली. परंतु १९९६ साली मेमरीचे भाव कोसळले आणि घरगुती संगणकासाठी ४ मेगाबाइट मेमरीचे कार्ड परवडेल अशा किमतीत बसू लागले. त्या ४ मेगाबाइटांचीही त्यांनी वाटणी केली होती: २ मेगाबाइट चित्रासाठी, २ मेगाबाइट पोतांसाठी, आणि दोन्हींना जाण्याचे मार्ग निराळे, जेणेकरून एकाच्या वर्दळीत दुसऱ्याचा खोळंबा होऊ नये. या कार्डाला साधा मजकूर दाखविण्याचीही ऐपत नव्हती. जुने कार्ड जागच्या जागी ठेवून त्याची तार व्हूडूच्या पाठीतून पडद्याकडे न्यावी लागे, आणि खेळ सुरू झाला की व्हूडू पडद्याचा ताबा घेई. असा चमत्कारिक, अपुरा आणि महाग पदार्थ लोकांनी उड्या मारून घेतला. कारण १९९७ च्या जानेवारीत 'क्वेक' या खेळाची त्या जातीच्या कार्डांसाठी केलेली आवृत्ती आली, आणि जो खेळ प्रोसेसरच्या जिवावर खडबडीत चौकोनी ठोकळ्यांचा दिसे, तोच मऊ, सलग आणि दुप्पट रेखीव दिसू लागला. त्याच सुमारास एस३ कंपनीचे व्हर्ज हे सर्वकामी कार्ड स्वस्तात मिळे. त्याला खेळणाऱ्यांनी गतिरोधक ठरविले, कारण ते लावल्याने खेळ पुष्कळदा आहे त्याहून हळू होई.

थ्रीडीएफएक्सचा ऱ्हास हा वेगळ्या निबंधाचा विषय आहे. एसटीबी ही कार्डे जुळविणारी कंपनी विकत घेऊन स्वतःच सारी कार्डे विकण्याचा हव्यास तिला नडला, आजवरची गिऱ्हाइके असलेले कार्ड-कारखाने १९९३ साली स्थापन झालेल्या एनव्हिडियाकडे वळले, आणि २००० च्या डिसेंबरात थ्रीडीएफएक्सची मुख्य मालमत्ता त्याच प्रतिस्पर्ध्याच्या हवाली झाली. त्यापूर्वी १९९९ साली एनव्हिडियाने जीफोर्स २५६ काढून आकृत्यांचे स्थानांतर आणि प्रकाशयोजना यांचे गणितही प्रोसेसरकडून कार्डावर आणले होते.

या सर्व काळात इंटेल स्वस्थ बसली नव्हती, आणि तिच्या हालचालीच मला या इतिहासातील सर्वांत बोधक वाटतात. १९९८ च्या फेब्रुवारीत तिने आय७४० ही चिप आणली. तिचा विचार असा, की मेमरी महाग आहे, संगणकात ती मुबलक पडून आहे, आणि एजीपी नावाचा नवा रुंद रस्ता मदरबोर्डावर झालाच आहे. तर पोत मुख्य मेमरीतच ठेवावेत आणि लागतील तसे मागवावेत. कागदावर हा युक्तिवाद निर्दोष होता. प्रत्यक्षात तो रस्ता सेकंदाला सुमारे ५३३ मेगाबाइटांचा होता, आणि त्याच वर्षीच्या व्हूडू२ मधील तीन स्वतंत्र मार्गांची बेरीज २१६० मेगाबाइटांवर जाई. आय७४० बाजारात हरली. पण इंटेलने त्या पराभवाची सामग्री फेकली नाही. १९९९ साली त्याच वंशाची चिप तिने ८१० या चिपसेटमध्ये समाविष्ट करून टाकली आणि स्वतंत्र कार्डांचा उद्योग सोडून दिला. कार्ड म्हणून जे कोणी विकत घेईना, ते मदरबोर्डाबरोबर आपोआप येऊ लागताच घरोघर पोहोचले, आणि काही वर्षांतच नगांच्या संख्येने जगात सर्वाधिक ग्राफिक्स चिपा इंटेलच्या ठरल्या.

आमच्याकडील जुळवलेल्या संगणकांची एक सबंध पिढी या ऑनबोर्ड ग्राफिक्सवर वाढली. ८१० चिपसेटला एजीपी स्लॉटच नव्हता. म्हणजे बापाने हिशेबाच्या कामाला म्हणून घेतलेल्या यंत्रात मुलाने पुढे चांगले कार्ड बसवायचे म्हटले, तरी त्याचा मार्ग मदरबोर्डानेच बंद केलेला असे. सायबर कॅफेत 'काउंटर स्ट्राइक' चाले, कारण तो खेळ अल्पसंतुष्ट होता. नव्या खेळांची गोष्ट निराळी. त्यांतले काही सुरू होतानाच कार्डावर प्रकाशाचे गणित करणारी यंत्रणा आहे का, याची झडती घेत आणि नाही म्हटल्यावर दार लावून घेत. मग मित्राकडून आणलेल्या सीडीवरचे 'थ्रीडी अ‍ॅनलाइझ' नावाचे सॉफ्टवेअर वापरून ती यंत्रणा असल्याची खोटी ग्वाही द्यायची, आणि सेकंदाला दहा-बारा चित्रांच्या गतीने कथानक पुढे ढकलायचे, हा उद्योग ज्यांनी केला आहे त्यांना संयम निराळा शिकवावा लागत नाही.

खरा निकष मेमरीचा, याची सर्वांत चोख साक्ष स्वतंत्र कार्डांतूनच मिळते. २००४ च्या अखेरीस एनव्हिडियाने टर्बोकॅश नावाची कार्डे काढली, ज्यांच्यावर मेमरी थोडकी आणि बाकीची उसनवारी मुख्य मेमरीतून. बारा-तेरा वर्षांनी हाच प्रकार अधिक उघडपणे घडला. २०१७ चे जीटी १०३० हे कार्ड जीडीडीआर५ मेमरीसह सेकंदाला ४८ गिगाबाइट वाहून नेई. पुढच्या वर्षी त्याच नावाने साधी डीडीआर४ मेमरी लावून दुसरे कार्ड विकले गेले, ज्याची वाहतूक १६.८ गिगाबाइटांवर आली. चिपचा वंश एक, खोक्यावरचे नाव एक, आणि खेळांतली गती कित्येक ठिकाणी निम्मी. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने हा व्यवहार अप्रामाणिकपणाच्या सीमेवरचा होता. इतिहासकाराला मात्र असा नितळ प्रयोग क्वचितच आयता मिळतो.

उलट बाजूची साक्षही आहे. २०११ च्या जानेवारीत इंटेलच्या सँडी ब्रिज प्रोसेसरांत ग्राफिक्स मदरबोर्डावरून उठून प्रोसेसरच्याच सिलिकॉनवर आले. त्याच वर्षी एएमडीने, २००६ साली विकत घेतलेल्या एटीआय या ग्राफिक्स कंपनीच्या विद्येवर, लॅनो हा तसाच प्रोसेसर काढला. २०१३ च्या आयरिस प्रो ग्राफिक्सला इंटेलने १२८ मेगाबाइटांची वेगळी जलद मेमरी जोडली, म्हणजे एकात्मतेचा पुरस्कर्ताच लहानसा खाजगी खजिना मंजूर करता झाला. आणि त्याच वर्षी प्लेस्टेशन ४ आले, ज्यात प्रोसेसर व ग्राफिक्स एकाच चिपवर असून दोघांना मिळून ८ गिगाबाइटांची जीडीडीआर५ मेमरी, सेकंदाला १७६ गिगाबाइट वाहणारी, दिलेली होती. त्या काळच्या सामान्य लॅपटॉपात ही वाहतूक २५.६ गिगाबाइट असे, आणि विक्रेत्याने एकच मेमरीपट्टी बसवलेली असली तर त्याचीही निम्मी. प्लेस्टेशनच्या ग्राफिक्सला दुबळे कोणी म्हटले नाही.

अर्थात मेमरीवर सर्व भार टाकून विजेला व उष्णतेला विसरता येत नाही. लॅपटॉपातली एकात्म चिप प्रोसेसरसह १५ ते २८ वॉटांत संसार करते. स्वतंत्र कार्डाला नुसत्या स्लॉटातूनच ७५ वॉट मिळतात, आणि २०२२ च्या आरटीएक्स ४०९० ने निराळ्या तारांतून एकंदर ४५० वॉटांपर्यंत मजल नेली. इतकी उष्णता प्रोसेसरच्या शेजारी एकाच तुकड्यावर कोंडता येणार नाही. तेव्हा वरच्या श्रेणीतील कार्डाला भय नाही.

भय होते ते खालच्या श्रेणीला, आणि तिथे विलीनीकरण बहुतांशी पार पडले आहे. जीटीएक्स १०५० हे कार्ड २०१६ साली अमेरिकेत १०९ डॉलरना निघाले. २०२५ च्या आरटीएक्स ५०५० चा आरंभीचा भाव २४९ डॉलर आहे, आणि त्याखाली एनव्हिडियाने त्या पिढीत घरगुती डेस्कटॉपसाठी काहीच ठेवलेले नाही. तो मुलूख एकात्म चिपांनी घेतला: २०२२ चे स्टीम डेक हे हातात धरून खेळायचे यंत्र १२८० गुणिले ८०० बिंदूंच्या पडद्यावर, ४ ते १५ वॉटांच्या चिपवर, असे खेळ चालवते ज्यांसाठी पूर्वी कार्डाशिवाय गत्यंतर नव्हते. त्याच २०२२ साली इंटेल आर्क नावाची स्वतंत्र कार्डे घेऊन, आणि या खेपेस त्यांच्यावर पुरेशी मेमरी घालून, सोडलेल्या धंद्यात परतली. आणि २०२५ च्या सप्टेंबरात एनव्हिडियाने इंटेलमध्ये ५०० कोटी डॉलर घालून तिच्या प्रोसेसरांत आपले ग्राफिक्स बसविण्याचा मनसुबा जाहीर केला.

मेमरीच्या वाहतुकीतही एकात्म ग्राफिक्स आता स्वतंत्र कार्डाच्या जवळ आले आहे. २०२५ च्या आरंभी एएमडीने रायझन एआय मॅक्स हा प्रोसेसर जाहीर केला. त्याच्या एकात्म ग्राफिक्सला सेकंदाला २५६ गिगाबाइटांची वाहतूक मिळते, आणि आरटीएक्स ४०६० या स्वतंत्र कार्डाची वाहतूक २७२ आहे. मात्र ही गती साधण्यासाठी मेमरी पट्टीच्या खाचेत न बसवता प्रोसेसरच्या लगत बोर्डावर कायमची डकवावी लागते. त्यामुळे आज ३२ गिगाबाइट घेऊन पुढे दिवाळीत आणखी एक पट्टी टाकू, असा हिशेब या यंत्राच्या बाबतीत चालत नाही, आणि ६४ हवे की १२८ हे खरेदीच्या दिवशीच पूर्ण रक्कम मोजून ठरवावे लागते.